सौ. रत्नप्रभा खानझोडे यांचे दुःखद निधन

अवधपुरी, भोपाळ
६ ऑगस्ट २०२४

ती. जयंतदादा यांस नमस्कार.

दर दिवाळीला तुमचं कार्ड येतं, त्या पाकिटावरचा पत्ता वापरते आहे. मी नलिनी, तुमच्या रत्नामावशीची मुलगी. आपण कधी भेटलेलो नाही. सख्ख्या मावसभावाला पहिलं पत्र एकसष्टाव्या वर्षी लिहावं लागतं, यात आपल्या घराण्याबद्दल बरंच आलं. फोन करण्यासारखी ही गोष्ट नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. तिथे ती संध्याकाळपर्यंत चार ग्रुपांवर फिरली असती, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झाल्यापासून मी घराण्याची वंशावळ करते आहे. तुमच्या नागपूरच्या एका वाचनालयानं जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. नाव टाकून शोधायची सोय नाही. जुना मराठी टाइप त्या यंत्राला वाचता येत नाही, त्यामुळे पानामागून पान डोळ्यांनी चाळावं लागतं. मी आजोबांना शोधत होते. आई सांगते, नाना वाचकांच्या पत्रव्यवहारात गटारांविषयी लिहायचे. सापडली ती पत्रं. नगरपालिकेला असं धुतलंय की माझी जीभ कुठून आली तेही कळलं.

काल ८ नोव्हेंबर १९६२चा अंक उघडला. पहिलं पान सगळं चीनच्या युद्धाचं. तिसऱ्या पानावर खाली चौकटीत जे होतं ते जसंच्या तसं उतरवते:

"दुःखद निधन. येथील श्री. काशिनाथ पांढरीपांडे यांची द्वितीय कन्या सौ. रत्नप्रभा शांताराम खानझोडे यांचे मंगळवार दि. ६ रोजी भोपाळ येथे अकाली निधन झाले. मृत्युसमयी त्या २७ वर्षांच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, वडील व ज्येष्ठ भगिनी असा परिवार आहे."

दादा, माझा जन्म १४ जानेवारी १९६३चा आहे.

मी हे वाचलं तेव्हा सौ. रत्नप्रभा शांताराम खानझोडे शेजारच्या खोलीत गवार मोडत होत्या आणि दांडी मारलेल्या कामवालीला विचारत होत्या, "कल क्यों नहीं आई? कौन मर गया था तेरा?"

मी लॅपटॉप बंद केला. पुन्हा उघडला. चौकट तिथेच होती. कार्मिक विभागात माझा जन्म लोकांच्या जन्मतारखा तपासण्यात गेला. वय कमी लावून नोकरीला लागलेले, भावाच्या सर्टिफिकेटावर लागलेले, सगळे मी पकडले आहेत. मेलेल्या बाईला दोन महिन्यांनी मूल होत नाही, एवढं मला कळतं. तेव्हा एक तर पेपर खोटा, नाही तर शेजारच्या खोलीतली बाई.

तुम्ही माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे. तुमच्या घरात तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक असणार. इंदूमावशीला तर असणारच. मला नीट, सरळ उत्तर हवं आहे. आईला मी काही विचारलेलं नाही. नुसती तिच्या कानाकडे बघत बसते, माझ्यासारखे आहेत का म्हणून. काल म्हणाली, "काय गं, कानात काही गेलंय का माझ्या?"

तुमची मावसबहीण (असावी असं वाटतं),
नलिनी


धंतोली, नागपूर
१४ ऑगस्ट २०२४

चि. नलिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हस्ताक्षर पाहून आनंद झाला, मजकूर वाचून झाला नाही.

अगं, जुन्या पेपरांत काय वाटेल ते छापून यायचं. युद्धाचे दिवस, बातम्यांचा गोंधळ, कोणाचं नाव कोणाच्या चौकटीत. मी तेव्हा तिसरीत होतो, मला फारसं आठवत नाही. रत्नामावशी तुझी आई आहे, याबद्दल शंका घेऊ नकोस. कानांचं म्हणशील तर आमच्या आईचेही तसेच मोठे आहेत, आणि माझेही. उपयोग काही नाही, ऐकू येत नाही ते येतच नाही.

आईला त्र्याण्णव पूर्ण झाली. दिसत जवळजवळ नाही, पण बाकी खणखणीत आहे. तिला मी काही विचारणार नाही. तिच्यापुढे या घरात रत्नामावशीचं नाव काढायची पद्धत नाही. तूही मावशीला विचारू नकोस. दोघी म्हाताऱ्या आहेत. वंशावळीत जन्म-विवाह तेवढे लिही. आता पेपर पाहणं बंद कर आणि मावशीला सांभाळ, एवढीच विनंती.

तुझा,
जयंतदादा


अवधपुरी
२१ ऑगस्ट २०२४

जयंतदादा,

"पेपर पाहणं बंद कर." आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर त्यांनी तुम्हाला बाकावर उभं केलं असतं. अर्थातच मी पुढचे अंक पाहिले. तुम्ही नको म्हणालात म्हणजे तिथे काहीतरी असणार, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

११ नोव्हेंबर १९६२, रविवार. त्याच पानावर, त्याच जागी:

"श्री. काशिनाथ विनायक पांढरीपांडे यांचे शुक्रवारी हृदयविकाराने निधन झाले. कन्या सौ. रत्नप्रभा हिच्या अकाली मृत्यूचा धक्का त्यांना सहन झाला नाही."

म्हणजे हा छपाईचा घोळ नाही. तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा चूक होत नाही, आणि माणूस छपाईच्या चुकीनं मरत नाही. खुलासा आला असेल म्हणून मी डिसेंबरअखेरपर्यंत एकूण एक पान पाहिलं. तांदळाचे भाव आले, जवानांसाठी स्वेटर विणायचं आवाहन आलं. सौ. रत्नप्रभा हयात आहेत असं कुणी कुठे म्हटलेलं नाही.

आता मी काय समजते ते लिहिते, चूक असेल तर सांगा. बाबांची पहिली बायको, तुमची खरी रत्नामावशी, बाळंतपणात गेली. मूल सातव्या महिन्यातच जन्मलं, ते मी. जानेवारी ही तारीख नंतर लावली. अशा लावलेल्या तारखा मी ढिगानं पाहिल्या आहेत. मग बाबांनी तान्ह्या मुलीसाठी दुसरी कुणी आणली आणि क्वार्टर तिच्याच नावानं चालू ठेवलं. कारखान्याच्या वसाहतीत तेव्हा कोण कुणाला ओळखत होतं? सगळे नवे. केरळचे, पंजाबचे, बंगालचे. एका बाईच्या जागी दुसरी आली तर पिपलानीत कुणाला कळणार होतं?

आणि माझ्याजवळ पुरावा आहे. आईचं आयुष्यभराचं एकच गाऱ्हाणं आहे: पहिल्या बाळंतपणाला माहेरहून कुणी न्यायला आलं नाही. सातव्या महिन्यात सामान बांधून बसले होते, म्हणते, रोज फाटकाकडे बघायचे. शेवटी कारखान्याच्या हॉस्पिटलात एकटी बाळंत झाले. म्हणून ती नागपूरला कधी गेली नाही. मी लहानपणापासून तिच्या बाजूनं तुम्हा सगळ्यांवर चिडत आले. आता वाटतं, तुम्ही का याल? लेक असती तर आला असता. ती लेक नव्हतीच.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. माझे बाबा इंग्लंडला ट्रेनिंग घेऊन आलेले, कारखान्याच्या शॉपमध्ये त्यांच्या शब्दावर टर्बाइनचा भाग पास व्हायचा. घरात सत्यनारायणसुद्धा ते होऊ देत नसत. त्या माणसानं मला अशी फसवणूक घालून वाढवलं असेल, तर मला ते कळायला हवं. काल आई माझ्या ताटात दुसऱ्यांदा वरण वाढत होती. मी ताट तसंच ठेवून उठले.

होय की नाही, एवढंच लिहा. नाही लिहिलंत तर मी गाडीत बसून येते आणि इंदूमावशीलाच विचारते.

नलिनी


धंतोली, नागपूर
३० ऑगस्ट २०२४

चि. नलिनी,

नाही. रत्नामावशी तुझीच आई आहे आणि नानांचीच मुलगी आहे. माझ्या गप्प बसण्यानं तू कुठल्या कुठे जाऊन पोचलीस, हे पाहून मला लाज वाटली. आता सगळं लिहितो. बसून वाच.

कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं, असं आपल्याकडे मानतात. कॉन्व्हेंटमध्ये हे शिकवत नसतील. त्याच्यावर उतारा असा, की ज्याला कावळा शिवला तो मेला अशी खोटी बातमी जवळच्या नातेवाइकांना कळवायची. ते खरोखर रडले पाहिजेत, म्हणून आधी सांगायचं नाही. ते रडले की मरण झालं असं धरतात, संकट टळतं. मग लगेच खरं कळवायचं. गावाकडे माणूस सकाळी रडवून यायचा आणि संध्याकाळी हसवून. मी स्वतः लहानपणी एका जिवंत काकांसाठी रडलोय, आणि नंतर त्यांच्याच हातचे पेढे खाल्लेत.

तुझी आई सात महिन्यांची गरोदर होती. क्वार्टरच्या मागे कपडे वाळत घालताना तिच्या डोक्याला कावळा शिवून गेला. तिनं संध्याकाळी हसत हसत तुझ्या बाबांना सांगितलं. तेही हसले, म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी नानांना तार केली, रत्ना गेली म्हणून. तिला न सांगता.

सत्यनारायण होऊ न देणाऱ्या माणसानं हे केलं. माझ्याही डोक्यात ते कधी बसलं नाही. परक्या गावात तो, ती आणि पोटातलं मूल, बाकी कुणी नाही. भीती वाटली असेल.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी दुसरी तार केली. पण युद्ध चालू होतं. आमच्या तारवाल्यानं माझ्या बाबांना नंतर सांगितलं, लष्कराच्या तारा आधी जायच्या, मग मृत्यूच्या. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. रत्ना गेली ही तार तासाभरात आली. रत्ना आहे ही तार थांबून राहिली.

नानांनी त्या रात्री काहीच केलं नाही. सकाळी स्वतः पेपरच्या कचेरीत जाऊन चौकट लिहून दिली. त्यांना वाटायचं, छापून आलं की गोष्ट नीट होते, गटारांचंही तसंच. मग म्हणाले, मी भोपाळला जातो. गाड्या सैनिकांनी भरलेल्या. दोन दिवस ते स्टेशनवर जात होते आणि जागा न मिळून परत येत होते. शुक्रवारी इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत शिरता शिरता फलाटावर पडले. तिथेच गेले.

नानांची चौकटही तोवर पेपरात देऊन झाली होती. घाटावरून आम्ही परत आलो तर तारवाला दारात उभा. बाबांनी वाचून दाखवली. "रत्ना सुखरूप. बातमी खोटी. कावळा शिवला होता. काळजी नसावी. शांताराम."

आई ओल्या लुगड्यात उभी होती. ती रडली नाही. म्हणाली, "खुलासा छापायचा नाही. जिवंत आहे ना, मग तिनं यावं आणि स्वतः सांगावं."

तेराव्याला तुझे बाबा एकटे आले. आईनं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ते म्हणाले, तिला या अवस्थेत वडील गेल्याचं कळवलेलं नाही, बाळंतपण होऊ द्या, मग मी तिला घेऊन येतो. ते पुन्हा कधी आले नाहीत. फेब्रुवारीत तुझ्या आईचं पत्र आलं. नाना झोपेत गेले असं तुम्ही मला महिन्यांनी कळवता, बाळंतपणाला न्यायलाही येत नाही, असं भांडणाचं. नाना झोपेत गेले हे तिला तुझ्या बाबांनीच सांगितलं असणार, आमच्या नावावर. आईला वाटलं, सगळं माहीत असून ही उलट आपल्यालाच बोलते. तिनं पत्र फाडलं.

मी कार्डं पाठवायचो ती आईला न सांगता. याहून जास्त धीर मला झाला नाही.

जयंतदादा


अवधपुरी
९ सप्टेंबर २०२४

जयंतदादा,

तुमचं पत्र वाचल्यावर मी बाबांचा फोटो भिंतीवरून काढला. मग आई विचारील म्हणून पुन्हा लावला. असं दिवसातून तीनदा झालं. तिला न सांगण्याचं मी ठरवलं होतं. शहाणपणाची बरीच कारणंही जमवली होती. मग लक्षात आलं, बाबांनीही नेमकी हीच कारणं जमवली असणार: तिची तब्येत, तिचं मन, आता कशाला. त्यांच्यासारखं मला व्हायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं वाक्य लिहिते आहे.

शनिवारी दुपारी तिला लॅपटॉपसमोर बसवलं. चष्मा पुसून तिनं स्वतःच्या निधनाची बातमी वाचली. मी तिचा हात धरून बसले होते. म्हणाली, "सत्तावीस? मी सव्वीसची होते. नाना एक वर्ष चढवूनच सांगायचे." आणि हसली, दादा. "कावळा!" म्हणाली. "तो मेला कावळा! म्हणजे ह्यांनी तार केली? हे तर मलाच अडाणी म्हणाले होते."

मग मी दुसरी चौकट दाखवली आणि तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं.

कामवाली आत आली, आमच्याकडे बघून तशीच मागे गेली. मग आई उठून बाबांच्या फोटोसमोर गेली. तिचा आवाज चढला नाही. "अहो, पन्नास वर्षं माझ्या हातचं जेवलात," म्हणाली. "एकदा तरी सांगायचं होतंत. मी इंदूला रोज शिव्या देत होते. तुम्ही ऐकत होतात. आमटी वाढा म्हणायचात."

मी म्हणाले, आई, फोटो काढू का? तर माझ्यावरच खेकसली, "तुला काय करायचंय? तो माझा आणि त्यांचा प्रश्न आहे." मला वाटत होतं, ती माझ्याइतकी चिडेल. मी गेले पाच-सहा दिवस एका मेलेल्या माणसाशी भांडते आहे आणि तिला त्यात माझी भागीदारी नको आहे.

मग गरम पाणी काढायला सांगितलं. डोक्यावरून न्हायली. दुपारी तीन वाजता, या वयात. मी दाराबाहेर उभी होते. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच काही येत नव्हतं. मी हाक मारली की ती ओरडायची, "आहे, आहे."

सोबत तिचं पत्र आहे. इंदूमावशीला दिसत नाही, तेव्हा तुम्हालाच वाचून दाखवावं लागेल. काही गाळू नका. या घराण्यात गाळणं पुष्कळ झालं.

तुमची मावसबहीण (आता खात्रीनं),
नलिनी


भोपाळ
८ सप्टेंबर

इंदू,

हे जयंत तुला वाचून दाखवील. मध्ये उठून जाऊ नकोस.

मी तार केली नव्हती. मला तार माहीत नव्हती. मला काल कळलं. तू मला मेलेली समजलीस ते तीन दिवस, आणि नंतर जिवंत समजून बोलली नाहीस ती एवढी वर्षं. यांतलं काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

तुला मी फार बोलले आहे. इथे बसून, एकटीनं. तेही तुला माहीत असू दे.

शांतारामांची बाजू मी घेणार नाही. ते भित्रे निघाले. मला गमवायची भीती, मग मला सांगायची भीती. माझ्यासाठी केलं, हे मला कळतं. पण नाना माझे होते, त्यांचे नव्हते.

ते फलाटावर गेले, असं जयंतनं लिहिलं आहे. मी तुला विचारते, गाडीत त्यांचा पाय पडला होता का? त्यांच्या हातात पिशवी होती का, आणि तिच्यात काय होतं? हे तुझ्याशिवाय मला कोणी सांगू शकत नाही. रोज थोडं आठवून ठेव.

नानांचं सुतक मी पाळलं नाही. मला सांगितलं तेव्हा मूल अंगावर होतं, बाळंतपणानंतर आलेल्या सासूबाई म्हणाल्या, आता काही नको. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं असतं. ते मला पाळायचं आहे. पुढच्या आठवड्यात नलिनी मला घेऊन येते आहे, तिकिटं काढली आहेत. मी तुझ्या घरी तीन दिवस राहीन. खाली चटई घाल, मला उठता-बसता येतं. गोडाधोडाचं काही करू नका. तुला बोलायचं नसलं तर बोलू नकोस, नुसती जवळ बस.

सुतकात आवाज चढवायचा नसतो. चौथ्या दिवशी आपण भांडू.

रत्ना